तिथंच माती द्या

तो मला पहिल्यांदा भेटला इकाम्याच्या रांगेत. इकामा म्हणजे परदेशी माणसाला तिकडं राहायचा परवाना. तो खिशात नसला तर पोलीस रस्त्यातून उचलून नेत, म्हणून कॅम्पातला प्रत्येक जण आंघोळीला जातानासुद्धा तो बरोबर ठेवायचा. आखातात येऊन मला जेमतेम महिना झाला होता. उन्हात पत्र्याच्या शेडबाहेर आम्ही शे-दीडशे माणसं उभी होतो. पुढचा माणूस स्वतःशीच पुटपुटला, "लई ऊन हाय बाप्पा."

मी त्याच्या खांद्याला हात लावला. "कुठले?"

"चाकूरजवळचा. तुम्ही?"

"कंधार."

"अरे, मग तर शेजारीच की!" तो इतक्या मोठ्यानं हसला की खिडकीतल्या अरब कारकुनानं मान वर करून पाहिलं. मग त्यानं आमच्याकडं बोट करून "बुकरा" म्हटलं आणि खिडकी लावली. बुकरा म्हणजे उद्या. तिकडं मी सगळ्यात आधी शिकलेला शब्द तोच.

मी नांदेडला आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालो होतो. तो कंपनीच्या गोदामात सामान काढून द्यायचा. त्याचं घर लिंगायत, गावात वडलांचं किराणा दुकान. मी बौद्ध. गावाकडं आमची ओळख झाली असती तरी ती दुकानाच्या उंबऱ्यापर्यंतच राहिली असती. कॅम्पात मात्र आम्ही एकाच स्टोव्हवर स्वयंपाक करायचो. तो गळ्यातलं इष्टलिंग कापडात गुंडाळून शर्टाच्या आत ठेवायचा, कारण तिकडं असलं काही दिसलं तर जप्त व्हायचं. सकाळी भिंतीकडं तोंड करून तो ते पूजेला तळहातावर घ्यायचा. तेवढा वेळ मी दाराशी उभा राहायचो, कुणी येऊ नये म्हणून.

गावाकडं दुष्काळ होता. त्याच्या बायकोची पत्रं यायची, त्यांत पाण्याशिवाय काही नसायचं: टँकर आला, टँकर आला नाही, आडात नुसता चिखल आहे. त्याच सुमारास लातूर वेगळा जिल्हा झाल्याचंही पत्रातूनच कळलं. तो हरखला. म्हणाला, "आता उस्मानाबादला खेटे घालायला नकोत. सगळं लातुरातच."

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो गोदामाच्या सावलीला आडवा झाला आणि उठलाच नाही. भोंगा झाला तेव्हा कुणीतरी त्याला हलवलं. मला बोलावलं तोवर कंपनीचा डॉक्टर हात पुसत उभा होता. "हार्ट," एवढंच तो म्हणाला.

मला मोडकंतोडकं अरबी यायला लागलं होतं आणि उर्दू आमच्या मुलखात रक्तातच असते, म्हणून मुदीरनं, म्हणजे मॅनेजरनं, त्याचं प्रेत गावी पाठवायचं काम माझ्यावर टाकलं. मला वाटलं, आठवड्यात होईल. इस्पितळाच्या कागदावर पोलिसांचा शिक्का पाहिजे, पोलिसांना कंपनीचं पत्र पाहिजे, कंपनीचं पत्र टाइप करणारा माणूस रजेवर. हे सगळं जमवून मी आपल्या वकिलातीत गेलो, तर तिथल्या बाबूनं वडलांचं संमतीपत्र मागितलं, जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचं.

मी गावाला तार केली.

तिकडं काय झालं ते मला नंतर त्याच्या वडलांनी सांगितलं. पासपोर्टावर जिल्हा उस्मानाबाद, म्हणून म्हातारा आधी उस्मानाबादला गेला. तिथं म्हणाले, तुमचं गाव आता आमच्याकडं नाही, लातूरला जा. लातूरला कचेरी नवी. टेबलं आली होती, कपाटं यायची होती, जुनी दप्तरं अजून उस्मानाबादेतच. आणि साहेब रोज टंचाईच्या दौऱ्यावर. म्हातारा सकाळच्या यष्टीनं जायचा, व्हरांड्यात बसायचा, संध्याकाळी परत यायचा. एकदा शिपायाला त्यानं विचारलं, "माझं पोरगं तिकडं बर्फात पडून हाय, साहेबाला सांगा की." शिपाई म्हणाला, "बाबा, हितं गावंच्या गावं पाण्यावाचून पडून हाईत."

शेवटी कागद झाला आणि पोस्टानं माझ्याकडं आला. मी सुट्टी टाकून वकिलातीत नेला. बाबूनं एका हातात पासपोर्ट धरला, दुसऱ्या हातात कागद.

"इसमें उस्मानाबाद है, इसमें लातूर है. कौन-सा सही है?"

"दोन्ही बरोबर आहेत साहेब. जिल्हा नवा झालाय. माणूस तोच आहे."

त्यानं छापील यादी काढून बोट फिरवलं. "मेरी लिस्ट में लातूर ज़िला है ही नहीं."

मी पुष्कळ समजावलं. गावाचं नाव तेच, बापाचं नाव तेच. तो रागावला नाही. तेच वाईट होतं. रागावला असता तर मला भांडता आलं असतं. तो शांतपणे म्हणाला, दिल्लीला विचारायला लागेल. मी बाहेर पायरीवर येऊन बसलो. तिथं आपलीच पुष्कळ माणसं बसलेली असत, कुणाचा पासपोर्ट मालकानं दाबलेला, कुणाचा पगार अडकलेला. कुणी कुणाला काही विचारत नसे.

दिल्लीहून उत्तर आलं नाही. इकडं इस्पितळवाले कंपनीला तगादा लावून राहिले होते की शवागारातली जागा रिकामी करा. मुदीरनं मला केबिनीत बोलावलं आणि घरच्यांना विचारायला सांगितलं, इथंच दफन चालेल का? मी पुन्हा तार केली. आठवडाभरानं उत्तर आलं, तिथंच माती द्या. पाठोपाठ वडलांचं पत्र आलं, शाळामास्तरांकडून लिहून घेतलेलं. आम्हा लोकांत दहन नसतं, मातीच देतात, तेव्हा त्याचं काही वाटत नाही. फक्त त्याला मांडी घालून बसवा, डाव्या तळहातावर लिंग ठेवा, कपाळाला विभूती लावा. बाकी तुम्ही जवळ आहात.

'तुम्ही जवळ आहात' हे मी दोनदा वाचलं.

लिंग पोलिसांकडं होतं. अंगावरच्या वस्तू पाकिटात घालून त्यांनी लाखेनं बंद केल्या होत्या आणि पाकीट वकिलातीमार्फत वारसालाच मिळणार होतं. मी पोलीस ठाण्यात गेलो. म्हटलं, एकच वस्तू द्या, मी सही करतो. शिपाई भला होता, त्यानं मला चहा दिला. पण पाकीट फोडायला ज्याची परवानगी लागायची तो अधिकारी बुकरा येणार होता. दुसऱ्या दिवशी तो आला नाही आणि त्याच दिवशी दफन ठरलेलं होतं.

परक्या धर्माच्या माणसांसाठीचं कबरस्तान शहराबाहेर, खडकाळ माळावर होतं. यंत्रानं आधीच लांबट खड्डे खोदून ठेवले होते, एका ओळीत, सगळे एका मापाचे. मी तिथल्या मुकादमाला हातवारे करून सांगितलं की याला बसवायचं आहे, थोडं रुंद खोदू द्या, आम्ही हातानं खोदतो. त्यानं आधी ऐकून घेतलं, मग मान हलवली. प्रेत इतके दिवस बर्फात होतं. ते बसणार कसं, असं त्यानं विचारलं. मला हे सुचलंच नव्हतं.

आम्ही कॅम्पातले पाचसहा जण होतो. त्याला आडवं ठेवलं. विभूती त्याच्या पेटीत होती, ती मी कपाळाला लावली. मंत्र म्हणायला जंगम नव्हता आणि मला त्यांचं काही येत नव्हतं. मला त्रिसरण येत होतं, तेच मी ओठांतल्या ओठांत म्हटलं.

रजा मिळाली तेव्हा मी आधी घरी न जाता त्याच्या गावी गेलो. दुष्काळ उठला नव्हता. यष्टीतून उतरलो तर आडावर घागरींची रांग होती आणि आडात कुणीच डोकावत नव्हतं. म्हातारा दुकानात बसला होता, फळ्या अर्ध्याच उघडलेल्या. मला त्यानं आत, घरात नेलं. सुनेनं तांब्या आणून समोर ठेवला आणि दाराआड उभी राहिली.

"बसिवला होता न्हवं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

वाटेत मी ठरवलं होतं की हो म्हणायचं. पण त्याच्या तोंडाकडं पाहून मला ते जमलं नाही. "न्हाई बाबा. आडवाच ठेवावा लागला. लिंगबी मिळालं न्हाई."

त्यानं दाराबाहेर पाहिलं. "आडवा," तो म्हणाला. मग, "दमला असंल. पडू द्या." आणि धोतराच्या सोग्यानं त्यानं तोंड झाकलं.

दुसऱ्या दिवशी मी सुनेच्या भावाबरोबर तहसीलला गेलो. तिला निराधारांचा पगार लावायचा होता. कारकुनानं मृत्यूचा दाखला पाहिला. "हे काय हाय?"

"अरबी."

"मराठीत आणा."

उदगीरच्या एका मौलवींनी तो सुंदर अक्षरात मराठीत लिहून दिला. कारकून म्हणाला, मौलवीची सही चालत नाही, वकिलातीचा शिक्का पाहिजे. शिवाय मयत आमच्या हद्दीत झालेली नाही, आम्ही नोंद कशी घेणार? मी म्हटलं, मग त्याची नोंद कुठं होणार? तो खरोखर विचारात पडला. "लातूरला इचारा," असं शेवटी म्हणाला. लातूरला विचारलं. त्यांनी तहसीलला पाठवलं.

परत गेल्यावर मी दाखला घेऊन वकिलातीत गेलो. तोच बाबू होता. त्यानं मला ओळखलं, बसायला खुर्चीही दिली. दफन झाल्यावर फाइल बंद होते, म्हणाला, बंद फाइलीतल्या कागदावर शिक्का मारता येत नाही. वस्तूंचं पाकीटही दिल्लीला गेलं होतं. तिथून पुढं ते कुठं गेलं, हे मला कधी कळलं नाही.

करार संपेपर्यंत मी तिथंच काम केलं. त्याच्या खाटेवर केरळचा एक माणूस आला, तोही भला होता.

सुनेची पत्रं मग वर्षातून एखादं यायची. निराधारांचा पगार लागला नव्हता, कारण सरकारदरबारी नवरा हयात होता. रेशनकार्डावर त्याचं नाव तसंच होतं. साखर आली की रेशनचा दुकानदार त्याच्या वाट्याचीही मोजून तिच्या पिशवीत टाकायचा आणि सून ती निमूट घरी आणायची.