छत्रीखालच्या कोंबड्या

लालबागच्या आमच्या चाळीमागच्या अंगणात शेजारच्या चाळीतली एक आजी रोज दुपारी कोंबड्या मोकळ्या सोडते आणि स्टुलावर बसून आभाळाकडे बघत राहते. घारीची सावली दिसली की ती फटकन छत्री उघडते आणि कोंबड्या धावत तिच्या पायाशी येतात.

मला कामं मार्गी लावायची सवय. मी माप घेऊन जाळी आणली.

"आजी, ही बांधली की घार नाही, मांजर नाही. तुम्ही घरात निवांत पडा."

कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "मगे मी खाली कित्याक येऊ गो बाय?"

जाळी माळ्यावर गेली. आता छत्री उघडल्याचा आवाज आला की मी गॅलरीत येते. मजल्यावरची बाकीची बिऱ्हाडं केव्हाच डोंबिवलीला गेली. कठड्याशी मी एकटीच असते.