दिवेलागणीनंतरचं विरजण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही. बाबांपासून मी काहीच लपवत नाही असं मिरवते, त्या बाबांनाही नाही. पत्रकं लिहिणारा माणूस पहिल्या ओळीतच आवाज चढवतो. इथे तो चढवायचा मला अधिकार नाही. म्हणून सावकाश सांगते—पण सगळं सांगते.

आमचं घर उचगावात. बाबा दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी पत्रकं लिहायला बसायचे. गढूळ पाण्यावर, हुंड्यावर, अंगारा देणाऱ्या भोंदूंवर. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. घड्या घालायचं काम माझं. पुढे लिहायचंही माझ्याकडे आलं, तेव्हा बाबांनी दोन नियम सांगितले. एक—पत्रकाखाली नाव घालायचं नाही, विचार सगळ्यांचा असतो. दोन—पत्रकात आपल्या गल्लीतला एक तरी माणूस पाहिजे. "नुसता उपदेश कोण वाचत न्हाय," ते म्हणायचे.

या दोन्ही नियमांच्या आड किती आरामात लपता येतं, हे बाबांना ठाऊक नव्हतं. मला कळलं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात बचत गटाच्या बैठकीत एक बाई पावडरचा डबा विकायला घेऊन आली. आतड्यांसाठी चांगले जंतू, म्हणे. मोठ्यांना वेगळा डबा, लहान मुलांना गोड चवीचा वेगळा. हा नसेल तर मुलांची वाढ खुंटते, असं तिनं सगळ्या आयांना भरपूर घाबरवलं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. माझं डोकं फिरलं. चांगले जंतू? मग आम्ही रोज कोमट दुधात चमचाभर दही घालून झाकून ठेवतो ते काय असतं? विरजण मागायला वाटी घेऊन शेजारी जातो, तेव्हा नेमकं काय घेऊन येतो?

त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. त्यातलं बरंचसं आजही मी पुन्हा लिहीन. घरचं ताजं दही, ताक, आंबील—पोटाला मदत करणारी ही मंडळी आपल्या घरातच असतात. ज्याला सोसतं त्या मोठ्या माणसानं आणि मुलानं रोज थोडं खावं. धडधाकट पोराला भीतीपोटी डबा आणायची गरज नाही. इथवर ठीक होतं. पण गल्लीतला माणूस कुठून आणायचा?

माणूस घरातच होता. माझ्या बहिणीची मुलगी, परी. हातकणंगल्याहून आजोळी आली होती आणि आठवड्यापूर्वीच तिला जुलाब झाले होते. मी लिहिलं: "आमच्या गल्लीतल्या एका चिमुकलीचे जुलाब नुसत्या ताकानं दोन दिवसांत थांबले. ना डॉक्टर, ना पावडर, ना गोळी."

हे खोटं होतं. पहिल्याच दिवशी परीला डॉक्टरांकडे नेलं होतं, तेही मीच. त्यांनी जलसंजीवनीची पाकिटं दिली, झिंकच्या गोळ्या दिल्या. वर एक जिवाणूंची पुडीसुद्धा दिली—होय, ज्यांच्या विरोधात मी लिहीत होते तेच जिवाणू. पुडी मी माझ्या हातानं पाण्यात कालवली. जलसंजीवनी चमचा चमचा करून पाजली ती मीच. मध्ये मध्ये ताकही दिलं, एवढंच काय ते खरं.

लिहिताना हात थांबला का? थांबला. मग मी स्वतःला म्हटलं—ताक दिलंच होतं ना? आणि डॉक्टर, पाकिटं, गोळ्या हे सगळं लिहिलं तर पत्रकाची धार जाईल. धार! एवढ्या एका शब्दासाठी.

आमच्यापासून दोन घरं सोडून शबानाभाभी राहते. तिचा नवरा सादिक फौंड्रीत आहे, घरात सासू, आणि तेव्हा दीड वर्षाची आयेशा. भाभी बारावी झालेली. माझी पत्रकं शेवटपर्यंत वाचणारी गल्लीतली ती एकटी असावी. रस्त्यात अडवून सांगायची, "ताई, हितं वेलांटी चुकलीया की! लोकास्नी शिकवायला निघालाय आनि सोताचं बघा." तिच्या बोलण्याचा मला राग यायचा नाही. ती वाचते, याचा अभिमान वाटायचा.

पत्रक वाटून चारपाच दिवस झाले असतील. दिवेलागण झाली होती. भाभी वाटी घेऊन दारात उभी राहिली. आयेशाला सकाळपासून पातळ होतंय, विरजण पाहिजे, घरातलं दही संपलं. आई आतून म्हणाली, "दिवं लागल्यावर इरजान देत न्हाईत, भाभी. सकाळी न्या." मला तेवढंच पुरलं. मी उठले, दह्याच्या भांड्यातून वाटी भरली आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आम्ही असलं काय मानत न्हाय."

भाभी हसली. पण गेली नाही. वाटी दोन्ही हातांत धरून तिनं विचारलं, "ताई, त्या कागदात लिवलंय ते खरं हाय न्हवं? डाक्टरकडं न्हेऊ, का ताकावर भागंल?"

एवढं सरळ कुणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं असतं? परीची खरी गोष्ट सांगायची. स्वयंपाकघरात फळीवर जलसंजीवनीची दोन पाकिटं उरली होती, ती तिच्या हातात ठेवायची. आई मागे उभी होती. नुकतीच मी जिंकले होते.

मी म्हटलं, "व्हय, खरं हाय."

तिसऱ्या दिवशी आयेशा दवाखान्यात होती. मी बघायला गेले. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे. रडत होती, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. एवढ्याशा हाताला सलाईनची सुई. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले की अंगातलं पाणी संपत आलं होतं, आणखी उशीर केला असता तर सांगता आलं नसतं. सादिक भिंतीला टेकून उभा होता. सासूनं तोंड उघडलं ते थांबलंच नाही. "शिकल्याली सून! वाचून वाचून पोरगी घालवत हुतीस की गं!"

भाभी एवढंच म्हणत होती, "म्या कागदात वाचलं, अम्मी. कागदात लिवलं हुतं."

आणि आता ते सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले.

मी पोचले तेव्हा भाभी आयेशाला घेऊन बसली होती. सासूसाठी चहा ओतायला पेला हवा होता. भाभी म्हणाली, पिशवीत बघा. पिशवीत पेला होता, आयेशाचं झबलं होतं आणि माझं पत्रक होतं, माझ्याच हातच्या घडीचं. पेला बाहेर काढला. पत्रक मुठीत धरलं आणि ओढणीआड नेलं.

थोड्या वेळानं सादिक म्हणाला, "कुठाय त्यो कागद? दाव बघू." भाभीनं पिशवी उपसली. झबलं झटकलं. पिशवी उलटी केली. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चोरी तिनं पाहिली नव्हती. कागदावर नाव नव्हतं; तो कुणाचा, हे त्या खोलीत माझ्याशिवाय तिलाच माहीत होतं. मी बोलेन म्हणून ती वाट बघत होती.

मी पेल्यात चहा ओतत राहिले.

आयेशा वाचली. हे सांगून मला सुटायचं नाही, पण तुम्हाला काळजी लागली असेल म्हणून सांगितलं. घरी आल्यावर गल्लीत बोलणं सुरू झालं—आणि सुरू केलं माझ्याच आईनं. दिवे लागल्यावर विरजण दिलं, म्हणून पोरीला बाधलं. सगळ्यांना पटलं. पत्रकाचं कुणी नाव काढलं नाही; घरोघरच्या प्रती तोवर रद्दीत गेल्या होत्या. मी, जी असल्या समजुतींवर दर दोन महिन्यांनी पत्रक काढते, मी त्या दिवशी त्या समजुतीला नाही म्हटलं नाही. तिच्यामागे जाऊन बसले. विरजण निर्दोष होतं. त्यातले जंतू त्यांचं काम करत होते. खोटं मी बोलले होते.

आता शबानाभाभीच्या घरात औषध सासू देते. लसीची तारीख सादिक बघतो. वाचलेलं काही भाभी बोलू लागली की घरातले एकमेकांकडे बघून हसतात. माझी नवी पत्रकं ती दारातून घेते, घडी न उघडता कट्ट्यावर ठेवते. वेलांटी चुकली तरी कुणी सांगत नाही.

गेलं वर्षभर ते पत्रक माझ्या कपाटात आहे. झबल्याजवळ भिजलं होतं, एका कोपऱ्याला पिवळा डाग आहे.

परवा नवं पत्रक लिहून छापायला दिलं. मुलाला जुलाब झाले तर आधी जलसंजीवनी, आणि लगेच डॉक्टर. दही-ताक जेवणात असू द्या, जिवाणूंची पुडी डॉक्टरांनी सांगितली तर द्या, पण पाण्याची आणि उपचाराची जागा यातलं काहीच घेत नाही. खाली परीची खरी गोष्ट. त्याखाली मी काय केलं ते. आणि सगळ्यात खाली, आमच्या घरातून निघालेल्या पत्रकावर पहिल्यांदाच, नाव. माझं. बाबांना ते छापून आल्यावरच कळेल.

पण गल्लीत वाटायच्या आधी रविवारी सकाळी भाभीकडे जाणार आहे. रविवारी सादिक घरी असतो, सासूही असते. तिघांसमोर तो डागाळलेला कागद ठेवणार आणि पिशवीतून तो कुणी काढला ते सांगणार. माफी मागणार नाही. मागितली की तिला पुन्हा काहीतरी द्यावं लागतं, आणि तिनं एकदा विश्वासानं मला पिशवीत हात घालू दिला, तेवढं पुरे.

सादिकनं तेव्हा विचारलं होतं, कुठाय तो कागद. हा इथे आहे.