वहिनीला विचारल्याशिवाय नाही

माझ्या भाचीच्या लग्नात तीनशे माणसं उपाशी राहिली, आणि जेवण मात्र ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी तयार होतं. स्वयंपाकात कसलीही कसूर नव्हती. कसूर होती ती माझ्या नेतृत्वात.

म्हसळ्यात आमचा लग्नकार्यांच्या जेवणाच्या ऑर्डरी घ्यायचा धंदा आहे. आमचा म्हणजे माझ्या नवऱ्याचा. त्यांना सगळे भाऊ म्हणत, मीसुद्धा म्हणायचे (नवऱ्याला भाऊ म्हणणारी तालुक्यात मी एकटीच असेन, पण दिवसभर तेच कानावर पडलं की तोंडात बसतं). धंद्यात माझं काम एकच, बिरडं चाखून मीठ बरोबर आहे की नाही ते सांगायचं. वीस वर्षं मी ‘बरोबर आहे’ एवढंच म्हणत आले. एका सकाळी भाऊ बाजारातून वालाची गोणी घेऊन आले, ओट्यावर टेकले आणि पाणी मागितलं. मी पाणी घेऊन येईपर्यंत ते गेले होते.

तेराव्यानंतर लोक भेटायला येत, चहा घेत आणि उठता उठता हळूच विचारत, “मग आता धंदा बंद ना?” तिसऱ्यांदा कुणीतरी हे विचारलं तेव्हा मी म्हणाले, “बंद कशाला? मी आहे की.” हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा रिकाम्या घरात दुपारभर बसून राहायची भीती वाटली असेल. आम्हांला मूलबाळ नाही.

मालकीण झाले खरी, पण करायचं काय ते माहीत नव्हतं. मग मी मोबाइलवर नेतृत्वाची भाषणं ऐकायला लागले. कोटातला एक माणूस इकडून तिकडे फेऱ्या मारत सांगायचा, “धंद्यात आवाज एकच असला पाहिजे. निर्णय नेत्याचा.” मला ते फार पटलं. कारण आमच्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये तेव्हाही एकच आवाज होता, आणि तो माझा नव्हता. मी काहीही सांगितलं की कुणीतरी म्हणायचं, “भाऊ असते तर असं केलं असतं.” भाऊ असते तर भात आधी वाफवला असता. भाऊ असते तर मठ्ठ्यात आलं जास्त घातलं असतं. मला रात्रंदिवस तेच तर वाटत होतं, भाऊ असते तर. त्यात ही माणसं मठ्ठ्यासाठी त्यांची आठवण काढत होती.

मी नियम केले आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून शेडच्या दारावर लावले. पहिला, वहिनीला विचारल्याशिवाय काहीही करायचं नाही. दुसरा, गिऱ्हाइकाशी परस्पर बोलायचं नाही. तिसरा, ‘भाऊ असते तर’ हे वाक्य शेडमध्ये बंद.

आमचे मुख्य आचारी शांतारामदादा. पहिल्या ऑर्डरीपासून भाऊंबरोबर होते, साठीच्या पुढचे. त्यांनी चष्मा पुसून तिन्ही नियम वाचले. तिसऱ्यापाशी जरा जास्त वेळ थांबले. मग म्हणाले, “बरं, वहिनी.”

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले.

“वहिनी, चूल पेटवू?”

“पेटवा.”

“वहिनी, तेल तापलंय. मोहरी टाकू?”

“टाका हो.”

“वहिनी, मोहरी तडतडली. आता?”

मला वाटलं, काय शिस्त लागली आहे. कोटातल्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला. शांतारामदादा हे चेष्टेने करत असतील, असं मला तेव्हा वाटलं नाही. आणि ते चेष्टेने करतही नव्हते.

अशात राणीचं लग्न ठरलं. राणी म्हणजे माझ्या नणंदेची, मंदाताईंची मुलगी. लहानपणी मे महिना आमच्याकडेच असायची. भाऊ तिला खांद्यावर बसवून बाजार फिरवायचे आणि सांगायचे, “तुझ्या लग्नाचं जेवण मामा स्वतः उभा राहून वाढणार.” म्हणून ही ऑर्डर मी हट्टाने मागून घेतली. लग्न मुरुडला, खाडीच्या पलीकडे. म्हणजे जेवण म्हसळ्याला करायचं, टेम्पोने दिघीला न्यायचं, तिथून फेरीबोटीने आगरदांडा, आणि पुढे मुरुड. रस्त्याने वळसा घातला तर अर्धा दिवस जातो.

मी पहाटेच पुढे निघाले. निघताना शांतारामदादांना आणि टेम्पो चालवणाऱ्या इक्बालला समोर उभं करून सांगितलं, “दिघीला पोचलात की मला फोन करायचा. हॉलवर सगळी तयारी बघून मी हो म्हणेपर्यंत टेम्पो बोटीत चढवायचा नाही. जेवण आधी येऊन थंड झालेलं मला चालणार नाही.”

“भाभी, फोन नाय लागला तर?” इक्बालने विचारलं.

“मी उचलेन. मी फोन उचलत नाही असं कधी झालंय?”

हॉलवर पोचले तर मंदाताई माझी वाटच बघत होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “वहिनी, माझा दादा नाही, राणीचा मामा नाही. राणीला मांडवात तू आण.”

नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. मामा नसेल तर दुसरा कुणी चुलतमामा बघतात. माझ्यासारख्या बाईला कुणी हे सांगत नाही. मी म्हणाले, “मंदाताई, लोक बोलतील.”

“बोलू देत. तिलाच तू हवी आहेस.”

मी पर्समधला फोन आवाज बंद करून ठेवला आणि पर्स कपाटात टाकली. राणीचा हात धरला. मेंदीने गार पडलेला हात. खोलीपासून मांडवापर्यंत वीस पावलं असतील. ती कानाशी म्हणाली, “मामी, हळू चल ना.” मी हळू चालले. मंगलाष्टकं संपेपर्यंत मला दुसरं काही दिसत नव्हतं. धंदा, टेम्पो, बिरडं, सगळं माझ्या डोक्यातून पार पुसून गेलं होतं.

सव्वा वाजता नवरदेवाचे काका येऊन अदबीने म्हणाले, “पंगत कधी बसवायची?”

मी कपाट उघडलं, पर्स उघडली, फोन बघितला. तेवीस फोन येऊन गेले होते, सगळे शांतारामदादांचे. मी उलटा फोन लावला. पहिल्या घंटीला त्यांनी उचलला आणि तितक्याच शांतपणे विचारलं, “वहिनी, चढवू?”

“अजून दिघीला आहात?”

“व्हय. साडेअकरापासून. दोन बोटी गेल्या.”

“मग चढला का नाहीत? चढवा आत्ता.”

“आता न्हाय जमत. आमचा नंबर गेला. पुढं पर्यटकांच्या गाड्यांची रांग हाय, पार वळणापर्यंत.”

मग मी मंदाताईंचा नंबर असताना तिथे का फोन केला नाही, असं विचारणार होते. गिऱ्हाइकाशी परस्पर बोलायचं नाही, हा माझाच दुसरा नियम आठवला आणि तोंड मिटलं.

पुढचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. मुरुडच्या बाजारात मिळतील तेवढी केळी आणली, बिस्किटं आणली, फरसाण आणलं. पानं आधीच मांडलेली होती, त्यामुळे प्रत्येक पानावर एक केळं आणि चार बिस्किटं असा थाट झाला. एका आजोबांनी पानाभोवती पाणी फिरवलं, केळ्याकडे बघितलं आणि भात नाही तर चित्राहुती कशाची घालायची, असं मला मनापासून विचारलं. वरपक्षाची निम्मी माणसं न बोलता बसमध्ये जाऊन बसली. मंदाताई स्वतः केळी वाढत होत्या. माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, “दादा असता तर...” आणि जीभ चावून थांबल्या. माझा नियम त्यांच्यापर्यंत पोचला होता. भाऊंच्या सख्ख्या बहिणीला त्यांचं नाव काढायची चोरी झाली होती.

टेम्पो आला सव्वाचारला. वऱ्हाड नवरीला घेऊन निघून गेलं होतं. राणी मामाच्या धंद्याच्या जेवणातला एक घास न खाता सासरी गेली.

मी सगळा राग शांतारामदादांवर काढला. “समोरून दोन बोटी गेल्या आणि तुम्ही बघत बसलात? एवढ्या वर्षांत आपल्या मनाने एक निर्णय घेता येत नाही?”

ते पातेल्याला टेकून उभे होते. म्हणाले, “येतो की. भाऊंनी कदी काय सांगितलं न्हाय मला. फकस्त विचारायचे, दादा, तुमाला काय वाटतं? आनि मग तसंच करायचे.” मग पातेल्याचं झाकण सारखं करत म्हणाले, “ते गेल्यापासून तसं कुणी विचारलं न्हाय.”

भाऊ गेले तेव्हा सगळे मला भेटायला आले. शांतारामदादांना भेटायला कुणी गेलं नव्हतं. मीही नाही.

त्या दिवसानंतर शांतारामदादा कामावर आलेच नाहीत. आठवड्याने मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला, स्वतःच्या मनाने, साखर किती ते न विचारता. मी माफी मागितली. “माफी कशाला, वहिनी?” म्हणाले. पण परत यायचं विचारलं तेव्हा मान हलवली. “भाऊंच्या शेडमदी भाऊंचं नाव घेता येत न्हाय, तितं हात चालत न्हाय माजा.” मी सांगितलं, कागद फाडून टाकला आहे. ते हसले. आले मात्र नाहीत.

आता स्वयंपाकाला सुलभा नावाची बाई आहे. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, “तुला काय वाटतं?” तिला खूप काही वाटत होतं. तेव्हापासून ती ठरवते आणि मी ऐकते. धंदा बरा चालला आहे. परवा मी पायरीवर बसून कांदे चिरत होते. डोळे चांगलेच भरले होते, आणि सगळं पाणी कांद्याचंच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची ऑर्डर द्यायला आले. माझ्या मांडीवरच्या परातीकडे बघून म्हणाले, “बाई, जरा मालकीणबाईंना बाहेर बोलावता का?”

मी डोळे पुसत आत गेले आणि सुलभाला बाहेर पाठवलं.