अण्णाच्या कपाळाचं तोंड

माझा थोरला भाऊ शिवलिंग. कोल्हापुरात गवळी गल्लीत आमचं माहेर, पुढं घर आणि मागं म्हशींचा गोठा. आम्ही भावंडं त्याला अण्णा म्हणायचो, हळूहळू सगळी गल्लीच म्हणायला लागली.

अण्णाला खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, कारण बोलायची हौस त्याला भरपूर होती. पण तोंडातून शब्द निघायच्या आत कपाळ सगळं सांगून मोकळं व्हायचं. कपाळ रुंद, त्यावर तीन ठसठशीत आठ्या. मनासारखं झालं की दोन्ही भुवया टोपीला जाऊन लागायच्या, बिनसलं की तिन्ही आठ्या मधोमध गोळा व्हायच्या. लहानपणी पत्ते खेळताना आम्ही त्याला दया म्हणून भिंतीकडं तोंड करून बसवायचो. लग्नानंतर अक्काताई वहिनीनं तर आमटी चाखायचंच सोडून दिलं. अण्णाचा पहिला घास झाला की ती त्याच्या कपाळाकडं बघायची आणि त्या हिशेबानं मीठ घालायची.

म्हशीतलं मात्र त्याला सगळं कळायचं. संध्याकाळी दोन म्हशी घेऊन तो गंगावेशीत दूधकट्ट्यावर उभा राहायचा, गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात द्यायचा. कुणी म्हशीला पान्हा सोडायचं इंजेक्शन टोचतंय असं कळलं की त्याला भर रस्त्यात झापायचा. "आज सुईनं सोडंल. उद्या सुईबिगर सोडणार न्हाय. परवा सुईलाबी दाद देणार न्हाय. मग काय सोताला सुई मारून घेणार हाईस?" असं त्याचं ठरलेलं भाषण होतं. सगळ्या गिऱ्हाइकांना ते पाठ झालं होतं.

जमली नाही ती एकच गोष्ट. म्हैस विकत घेणं.

वडगावच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, हातात हात देतात आणि वर टॉवेल टाकतात. आत बोटं दाबून आकडे सांगायचे. भोवती दहा माणसं उभी असली तरी त्यांना काही कळत नाही. चेहरा तेवढा दगडासारखा ठेवायचा, एवढीच अट. आता सांगा, अण्णानं काय करायचं? विकणारा पिराजी, गडहिंग्लजचा, बोटानं भाव उतरवत यायचा. अण्णाच्या मनातल्या आकड्याला पोचला रे पोचला की अण्णाच्या भुवया वर. पिराजी तिथंच थांबायचा. त्यानं एकदा चहाच्या गाड्यावर सगळ्यांदेखत सांगितलं, "अण्णांचा हात आपला रीत म्हणून धरायचा. भाव त्येंच्या कपाळावर हाय की."

२००७ साली बसवेशनं, म्हणजे अण्णाच्या मुलानं, तोंड उघडलं. तो बी.कॉम. झालेला, धंद्याचं सगळं तो बघायचा.

"आप्पा, आतापासनं खरेदीला दलाल घालूया. म्हस तुमी पसंत करा, हात दलाल दिल."

बोलला अगदी मऊ आवाजात, पण अण्णा जेवता जेवता उठला. आमच्यात बाजारात जो हात देतो तो घरचा कर्ता. आमच्या वडलांनी गुडघे गेले तरी बैलगाडीत बसून हात दिला होता. हात गेला म्हणजे अण्णानं खाटेवर बसून नातवंडं खेळवायची, एवढाच त्याचा अर्थ. वहिनीनं मध्ये पडून दिवाळीपर्यंतची मुदत मिळवून दिली. तोवर अण्णानं नीट सौदा करून दाखवावा, नाहीतर दलाल.

राजारामपुरीत डॉक्टर अनुजा म्हणून कातडीच्या डॉक्टरीण होत्या. वर दवाखाना, खाली घर. त्यांच्याकडं दूध अण्णा स्वतः घालायचा. नागपंचमीच्या आसपास एका सकाळी तो रिकाम्या किटलीची वाट बघत जिन्यात उभा होता. वर कुणी बाई बोलत होती.

"मॅडम, ते सुरकुत्यांचं इंजेक्शन घेतल्यापासनं माझं कपाळच हालंना झालंय वो. सासूबाई म्हणत्यात, तुला राग आलाय का आनंद झालाय, कायच कळंना."

"त्यासाठीच तर असतं ते," डॉक्टरीण हसत म्हणाल्या. "तीन-चार महिन्यांनी आपोआप हलायला लागेल."

अण्णा किटली तिथंच टाकून थेट माझ्या घरी आला. मी भाकरी थापत होते.

"शालू, तुला लई सुरकुत्या पडल्यात गं."

"व्हय? वहिनीलाबी जाऊन सांग की. बघू भाकरी कोण घालतंय."

मग त्यानं सगळं सांगितलं. म्हणाला, तू पेशंट म्हणून चल, मी आपला सोबतीला. बायकांच्या त्या दवाखान्यात एकट्यानं बसायचं धाडस त्याला होईना. मी पहिल्यांदा नकोच म्हणाले. देवानं दिलेलं कपाळ, त्याला सुया कशाला? पण त्याची दशा बघून गेले. त्या दिवशी तो चंदनाचा साबण लावून दोनदा आंघोळ करून आला होता, तरी शेजारची बाई हळूच एक खुर्ची सरकलीच.

आत गेल्यावर सोंग दोन मिनिटंही टिकलं नाही. डॉक्टरांनी माझा चेहरा निरखायला सुरुवात केली तसा अण्णा म्हणाला, "तिला काय नको. मला द्या." आणि कारणही सांगून टाकलं. डॉक्टर अनुजा आधी खूप हसल्या, मग गंभीर झाल्या. नसांचा, स्नायूंचा काही आजार आहे का, औषधं कुठली चालू आहेत, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "अण्णा, देते. पण माझ्या अटी. आज झोपायचं नाही, निदान चार तास तरी. कपाळ चोळायचं नाही. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागतील. आणि पुढचे तीन महिने या खुर्चीवर परत बसायचं नाही. मोजून तीन महिने."

"पुसू का जरा?" म्हणत त्यांनी कापूस उचलला, तर अण्णानं दोन्ही हात कपाळावर धरले. विभूतीचे पट्टे होते ना. "तेच्या खाली द्या की," म्हणाला. शेवटी मीच म्हणाले, शंकराला मी सांगते, पुसू दे. अण्णानं डोळे मिटले. मी गाभाऱ्यात म्हणतात तसं मनात दोनदा ॐ नमः शिवाय म्हटलं. खोटं कशाला सांगू, थोडं हसूही आलं.

संध्याकाळपर्यंत तो गोठ्यात खांबाला टेकून ताठ उभा होता. म्हशींना काय वाटलं असेल कोण जाणे.

पंधरा दिवसांत कपाळ गप्प झालं. काय सांगू, चकचकीत, धुतलेल्या पाटासारखं. गल्लीतली माणसं म्हणायला लागली, अण्णा तब्येतीनं सुधारला. घरात मात्र घोटाळा. वहिनी घास गेला की कपाळाकडं बघायची, तिथं काहीच नाही. मग तिनं आणखी मीठ घातलं. पुन्हा काही नाही. पुन्हा घातलं. आठ दिवस त्या घरात समुद्राचं पाणी जेवले सगळे. अण्णा तोंडानं "खारट हाय" म्हणायचा, पण तोंडाचं ऐकायची तिला सवयच नव्हती.

गणपती झाल्यावर अण्णा वडगावला गेला. पिराजीनं हात धरला, टॉवेल पडला. पिराजी भाव उतरवत आला आणि भुवया कधी चढतात याची वाट बघू लागला. चढेनात. आणखी उतरला. कपाळ गप्पच. "अण्णा, तब्येत बरी हाय न्हवं?" त्यानं मध्येच विचारलं. "घरात काय कमी-जास्त?" पिराजी उतरत उतरत अशा ठिकाणी आला की त्याच्या स्वतःच्याच कपाळावर घाम आला. म्हैस गोठ्यात आली तेव्हा बसवेशनं भाव ऐकून बापाकडं टक लावून बघितलं. पण एक सौदा चुकूनही जमतो, दिवाळीपर्यंत बघू, असं म्हणून तो उठला.

नवरात्र उठलं आणि अण्णा पुन्हा माझ्या दारात. डावी भुवई जागी झाली होती. दिवाळीच्या तोंडावर पिराजी एक मुऱ्हा म्हैस आणणार होता, दुसऱ्या वेताची, अण्णाच्या स्वप्नातली. बसवेशही बरोबर येणार होता. म्हणजे परीक्षा तीच.

"तीन महिनं झाल्यात कुठं?" मी म्हणाले. "श्रावण, भादवा, आश्विन अजून सरायचाय."

"डॉक्टरनीला काय पंचांग पाठ असतंय व्हय?"

तरी अण्णा पुन्हा दवाखान्यातल्या खुर्चीत. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"चार महिनं," अण्णा म्हणाला. आणि त्याची डावी भुवई सरळ टोपीच्या दिशेनं निघाली. उजवी जागच्या जागी झोपलेली.

डॉक्टर बघतच राहिल्या. "अण्णा, मी कार्ड काढत नाही. तुमचं अर्धं कपाळ सांगतंय की हे खोटं आहे, आणि उरलेलं अर्धं सांगतंय की औषध अजून आत आहे."

अण्णानं मग विनवण्या केल्या. थोडंसं द्या, नखाएवढं द्या, एका बाजूला द्या.

"पहिलं अजून पूर्ण उतरलेलं नाही. त्यावर दुसरं दिलं तर पापणी खाली पडू शकते. मग बाजारात पिराजीला एक डोळा झाकून बघणार का? आणि असं घाईघाईनं पुन्हा पुन्हा घेत गेलात तर शरीर ते ओळखायला लागतं. मग गुण येईनासा होतो." मग म्हणाल्या, "म्हशीला सुई मारणाऱ्याला तुम्ही काय सांगता? रोज सकाळी आमच्या जिन्यात ऐकते मी. उद्या सुईशिवाय सोडणार नाही, परवा..."

"परवा सुईलाबी दाद देणार न्हाय," अण्णा खाली बघून म्हणाला.

"मग? तुम्ही काय म्हशीपेक्षा वेगळे आहात?"

अण्णा खुर्चीतून उठला. एवढा मान डॉक्टरनं त्याला आजवर दिला नव्हता, असं नंतर तो मला जिन्यात म्हणाला.

शाहूपुरीत एक पार्लर आहे, तिथं न विचारता टोचतात, असं कुणीतरी त्याला सांगितलं. मी म्हणाले, जा. पण मग मला बहीण म्हणू नकोस. तो गेला नाही. माझ्यामुळं की म्हशीमुळं, ते मी विचारलं नाही. बाजाराच्या आदल्या शुक्रवारी मी अंबाबाईला ओटी भरली आणि भावाचं कपाळ तिच्या पायावर घातलं, म्हणजे मनातल्या मनात.

बाजाराला मीही गेले. त्या बाजारात बाई सहसा दिसत नाही, म्हणून चहाच्या गाड्यामागं उभी राहिले. मुऱ्हा खरंच देखणी होती. काळीभोर, शिंगं जिलेबीसारखी वळलेली. अण्णा तिच्याभोवती फिरला तेव्हाच डावी भुवई नाचायला लागली. शेजारी बसवेश, हाताची घडी घालून. थोड्या अंतरावर तो दलालही उभा होता, बोलावलेला.

पिराजीनं हात पुढं केला. टॉवेल पडला.

पिराजी उतरत आला. मला आकडे दिसत नव्हते, भुवई दिसत होती. एका ठिकाणी ती टोपीला टेकली. मी डोळे मिटले. संपलं.

उघडले तर पिराजी अजून तिथंच. मान तिरकी करून अण्णाचं कपाळ न्याहाळत होता, डावीकडं एकदा, उजवीकडं एकदा. डावी भुवई वर, उजवी निवांत. पिराजीनं इतक्या वर्षांत या कपाळावर असा मजकूर बघितला नव्हता. त्याचा काय हिशेब झाला ते त्यानं त्याच दिवशी चहा पिताना सांगितलं. "निम्मं मन भरलंय, निम्मं ऱ्हायलंय, असं दिसलं मला. म्हटलं, आणि जरा उतरू, दुसरीबी चढंल."

तो उतरला. दुसरी चढेना. आणखी उतरला. अण्णाची डावी भुवई आता कपाळ सोडून जाते की काय अशी झाली होती आणि उजवी अजून डॉक्टरांच्या ताब्यात. पिराजी बिचारा उजवीकडं आशेनं बघत बोट बोट खाली येत राहिला. शेवटी कंटाळून म्हणाला, "घ्या वो अण्णा. तुमचं मन भरायचं माझ्या बाच्यानं हुणार न्हाय."

टॉवेल निघाला. बसवेशनं भाव विचारला. अण्णानं त्याच्या कानात सांगितला. मुलगा वळून दलालाला म्हणाला, "पावणं, तुमी जावा. आमच्यात हात आप्पाच देत्यात."

वाटेत टेंपोत म्हशीशेजारी बसून अण्णा रडला. डावीकडून जास्त.

दिवाळी सरली, खरोखरचे तीन महिने भरले, उजवी भुवईही जागी झाली. अण्णा मला घेऊन दवाखान्यात गेला, यावेळी उजळ माथ्यानं. डॉक्टरांनी कार्ड बघितलं, तारीख बघितली आणि खुशीनं म्हणाल्या, "आता देते. आता वेळेत आलात."

"फकस्त उजवीकडं द्या," अण्णा म्हणाला.

"म्हणजे?"

"डावी राहू दे. तिच्यावर पिराजीचा इस्वास हाय."

डॉक्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "शालूताई, तुम्ही यांना घरी घेऊन जा."