कुलूपबंद घरांचा नकाशा

स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली, तेव्हा पिशवीत नकाशाचे कागद आणि दोन रंगीत पेन्सिली होत्या, आणि गाठीशी भूगोल शिकवण्याची बावीस वर्षं. मानवी भूगोलाच्या एका पुस्तकातलं स्थलांतराचं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. व्याख्या घरबसल्याही लिहिता आल्या असत्या, पण मला खरं गाव हवं होतं. आणि एकदा मनात घेतलं की मी ते शोधून काढतोच.

घाट मागे पडला, साताऱ्याच्या स्टँडवर चहा झाला, कराडला गाडी बदलली. कडेगाव येईपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता, नंतर माळ सुरू झाला. फाट्यावर उतरलो आणि दहा पावलांत चपलेचा अंगठा तुटला. उरलेलं अंतर एक पाय अनवाणी चाललो.

गाव पाहून मात्र दुखणं विसरलो. इतक्या कोरड्या माळावर दुमजली, रंगवलेली, टुमदार घरं, आणि त्यांतल्या बहुतेकांना कुलपं! माझं प्रकरण आयतं समोर उभं होतं. एका उंबऱ्यावर साठीपलीकडची बाई तांदूळ निवडत बसली होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"मावशी, ही माणसं कुठं गेली?"

"गलाईला (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्याला). कोण कोइमतूरला, कोण पार आसामात. उद्या जत्रा हाय, येत्याल आता. आदी पायाला पानी घ्या, लय भाजला असंल."

या हौसामावशी. परगावी गेलेल्या शेजाऱ्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. त्यांनी हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ कढी) आणि भाकरी वाढली. संध्याकाळपर्यंत गाड्या येत गेल्या, मावशी किल्ल्या देत गेल्या, कुलपं उघडत गेली. मी नकाशात उघडलेली घरं हिरवी करत होतो.

"ह्ये काय रंगवताय, मास्तर?"

विचारलं कुणी, की माझा तास सुरू होतो. "जत्रेला, सणाला परत येतात त्यांचं तात्पुरतं स्थलांतर. हिरवा रंग. ज्यांनी येणंच सोडलं त्यांचं कायमचं. लाल. साधारण तीन वर्षं धरायची."

त्यांनी समोरच्या निळ्या घराकडे बोट केलं. "आन ह्ये? माज्या शंकरचं हाय. धाकटा."

"शेवटचा कधी आला होता?"

"ह्या जत्रंला चौथं साल."

पेन्सिल हातातच होती. मी घर लाल केलं. मावशी कागदाकडे बघत राहिल्या, मग "बरं" म्हणून माझं ताट उचलून आत गेल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. भाकरी छान झाली होती, असंही वर सांगितलं मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्धनाथाच्या देवळात सगळा गाव जमला. आरतीआधी गुरव एकेका घराचं नाव पुकारी. त्या घरचं माणूस "हाय" म्हणे आणि नैवेद्य पुढं ठेवी. घर बंद असलं तर किल्ली सांभाळणारं माणूस त्याच्या वतीनं ओ देई.

"आणि कुणीच ओ दिली नाही तर?" मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं.

"मग फुडल्या सालापासनं त्या घराचं नाव घेत न्हाईत. गावातनं गेलंच म्हनायचं."

हौसामावशी दोन ताटं घेऊन उभ्या होत्या. थोरल्या मुलाचं नाव आलं, त्यांनी एक ताट ठेवलं. मग गुरवानं पुकारलं, "शंकर तुकाराम." मावशींनी ताट पुढं केलं नाही. गुरवानं पुन्हा पुकारलं.

"मास्तरांच्या कागदावर लाल हाय त्यो," मावशी हळूच म्हणाल्या.

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. लाज वाटली, दुसरा शब्द नाही. कसाबसा म्हणालो, "मावशी, कागद माझा आहे. गाव तुमचं. माझं ऐकू नका."

"हौसाक्का," गुरव म्हणाला, "देवाला कागद लागत न्हाई. हाय का न्हाई, तेवडं सांगा."

"हाय," मावशी म्हणाल्या आणि दुसरं ताट पुढं ठेवलं.

निघताना त्यांनी मला निळ्या घराचं कुलूप दाखवलं. किल्ली घातली की लोण्यासारखी फिरत होती. "दर आवसंला तेल घालती. गंजलं तर त्याला उघडंल कसं?"

परतीच्या गाडीत मी तो लाल रंग खोडायला घेतला. पुरता गेला नाही. कागद विरला आणि गुलाबी डाग राहिला. पुण्याला आल्यावर प्रकरण लिहून काढलं. कायमच्या स्थलांतराची व्याख्या मी बदललेली नाही. ती बरोबरच आहे आणि परीक्षेत तीच लिहावी लागेल. फक्त तिच्याखाली, गावपाहणीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, एक सूचना घातली आहे: बंद घर दिसल्यास रंग भरण्याआधी विचारावे, किल्ली कोणाकडे आहे आणि कुलपात तेल कोण घालते.