कामरेजला मी दाबलेला हॉर्न

असले अनुभव वाचून हसणारा माणूस मी. मूळ धुळ्याकडचा, सुरतेत गोडादऱ्याला राहतो, साड्यांच्या गाठी वाहणारे तीन टेम्पो आहेत. भूतबित काही मानत नाही... तरी हे लिहितोय.

माझा मामेभाऊ सुनील चार-पाच वर्षांपूर्वी गावचं लग्न आटोपून टेम्पो घेऊन परत येत होता. गुजरातेत दारूबंदी. त्यामुळे आमची खानदेशी मंडळी हद्द ओलांडायच्या आधी नवापूरलाच 'उरकून' घेतात आणि तशीच गाडी हाकतात. सुनीलनेही तेच केलं. कामरेजजवळ शेतावर निघालेली एक म्हातारी त्याच्या चाकाखाली आली. जागीच गेली.

शिक्षा भोगून आला तेव्हा कुणी त्याला दारात उभं करेना. मीच म्हटलं, माणूस आहे, चुकायचाच, एक संधी द्यायला हवी. नातेवाइकांत माझं कौतुक झालं — खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. दारू त्याने सोडली होती. लायसन्स परत मिळताच टेम्पो त्याच्या हाती दिला.

पहिली खेप सुरतेतल्या पर्वत पाटियाहून कामरेजची. सकाळचे अकरा, लख्ख ऊन, मी शेजारी बसलेलो. कामरेजच्या अलीकडे सुनीलने हळूच ब्रेक लावला आणि स्टिअरिंगवरचे हात काढून जोडले. समोर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी चल म्हटलं, तर हलेना. वैतागून मीच हात लांबवून हॉर्न दाबला.

शेजारी एक रिक्षा थांबली होती. तिचा चालक डोकं बाहेर काढून मला म्हणाला, "माजीने जवा दो, भाई. उतावळ शी छे?" म्हातारीला जाऊ द्या, घाई कसली?

मागे वळून पाहिलं. सात-आठ गाड्या उभ्या, आणि एकही हॉर्न वाजत नाही — सुरतेत! रिक्षावाल्याची मान सावकाश डावीकडून उजवीकडे गेली, कुणाला रस्ता ओलांडताना बघावं तशी. मग सगळे निघाले.

सुनील एवढंच म्हणाला, "दादा, तुले दिसनी नही का?"

घरी येऊन त्याने किल्ली माझ्यापुढे ठेवली. मला ठेवतोस की काढतोस, म्हणाला. आठ दिवस किल्ली तिथेच पडून राहिली. त्या बाईचं नाव काय, घरी कोण, मी कधी विचारलंच नव्हतं. तिच्या वतीने माफी मात्र देऊन बसलो होतो. लाज वाटली.

शेवटी सुनीलकडून पत्ता घेऊन तिच्या गावी गेलो. तिच्या मुलाने ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. सुनीलला गाडी चालवू देऊ का, मी विचारलं. तो म्हणाला, "ए तमारे मने पहेलां पूछवुं जोईतुं हतुं." हे मला आधी विचारायला हवं होतं.

हो म्हणाला नाही, की नको म्हणाला नाही.

सुनील आता माझ्याकडे गाठी चढवतो-उतरवतो. कामरेजची खेप मी स्वतः नेतो. त्या जागी थांबतो, इंजिन बंद करतो, दोन्ही बाजूंना बघतो. मला अजून कुणीही दिसलेलं नाही.