दोन घड्याळं

अंबडच्या आमच्या कारखान्यात हजेरीचा लिनक्स कॉम्प्युटर सांभाळणारे गृहस्थ स्वतः मनगटी घड्याळ वापरत नसत. रोज सकाळी रिसीव्हर खांद्यात दाबून फोनवरची वेळ ऐकायचे आणि ठोका पडला की एंटर मारून कॉम्प्युटरची वेळ लावायचे.

"कसंय, याला घड्याळं दोन," ते सांगत. "एक मशीन चालू असताना चालतं, दुसरं आतल्या सेलवर. दोघांचं जुळल्याशिवाय मी चहा घेत नाही."

मला ते हट्टी वाटायचे.

एकदा त्यांनी सेल बदलला, आतल्या घड्याळात अंदाजाने वेळ टाकली. चालतं घड्याळ मग फोन ऐकून नीट लावलं, पण ती वेळ आतल्यात उतरवायची राहिली. पहाटे लाइट गेली. मशीन पुन्हा सुरू झालं ते आतली वेळ घेऊन, नऊ मिनिटं पुढे. वेळेवर आलेल्या बारा जणांना लेटमार्क लागला, त्यात मीही होतो.

मॅनेजर म्हणाले, "मशीन बिघडलं होतं असं लिहा."

"बिघडलं नव्हतं, साहेब. मी विसरलो."

तेच त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि अकरा लेटमार्क काढले. बारावा त्यांचा स्वतःचा होता, तो ठेवला.

"तुम्हीही वेळेवरच आला होतात," मी म्हटलं.

"आलो होतो. हा उशिराचा नाही."